बालवाडीत नवीन रुजू होताय? आवडणाऱ्या आणि नकोशा गोष्टींचं काय करायचं ते सांगते

मी सांगलीत बालवाडीत शिकवते, यंदा अकरावं वर्ष. दर जूनमध्ये आमच्याकडे शिकवायला एकदोन नवीन मुली येतात आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यातली एक तरी सोडून जाते, जाताना जवळपास सगळ्या एकच सांगतात की मुलं खूप आवडतात हो ताई पण रोजचं नाही झेपत. मला दरवेळी वाईट वाटतं, कारण जे झेपत नाही म्हणतात त्यातलं निम्मं बदलता येण्यासारखं असतं, फक्त ते कुणी आधी सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक शंभर पानी वही घ्या. रोज घरी जायच्या आधी पाच मिनिटं बसून एका पानावर आज काय आवडलं ते लिहायचं आणि समोरच्या पानावर काय नकोसं झालं ते. नकोशा पानावर मुलाचं नाव लिहू नका, त्याऐवजी किती वाजता झालं आणि वर्गात कुठे झालं ते लिहा. हे महत्त्वाचं आहे, कारण नाव लिहिलं की पंधरा दिवसांत आपल्या मनात तो मुलगा 'त्रास देणारा' होऊन बसतो, आणि वेळ लिहिली की वेगळंच दिसतं. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत तीनच वेळा परत परत आल्यात: सकाळी आईबाबा सोडून जातात ती वेळ, डब्याच्या आधीची दहा मिनिटं आणि घरी जायच्या आधी चपला घालायची वेळ. म्हंजे मुलं दिवसभर नडत नव्हती, आम्हीच त्यांना त्या तीन वेळेला नुसतं ताटकळत ठेवत होतो.

सकाळचं रडणं

जूनमधले पहिले दोन-तीन आठवडे हेच असतं, आणि नवीन ताईला सगळ्यात जास्त हेच खचवतं. वीस मुलांतली आठ रडायला लागली की उरलेल्यांपैकी चार त्यांच्याकडे बघून रडतात. इथे बऱ्याच जणी एक चूक करतात, 'ते बघ माकड' म्हणून मुलाचं लक्ष वळवायचं आणि तेवढ्यात आईला मागच्या मागे जायला सांगायचं. त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं पण मूल दुसऱ्या दिवशी आईचा पदर सोडतच नाही, कारण त्याला कळलेलं असतं की नजर हलली की आई गायब होते. त्यापेक्षा आईला सांगा, मुलाला सांगून जा, 'मी जाते, गोष्ट झाली की घ्यायला येते', एकदाच पापा घ्या आणि निघा, दारात घुटमळू नका. मूल रडेल, रडू दे, आपण मांडीवर घेऊन बसायचं. 'रडू नको' म्हणायचं नाही, 'आईची आठवण येतेय ना' म्हणायचं.

आणि 'आई कधी येणार' याला 'साडेबाराला' हे उत्तर देऊ नका, तीन वर्षांच्या मुलाला साडेबारा म्हणजे काय ते कळत नाही. मी भिंतीवर दिवसाची पाच चित्रं लावते, प्रार्थना, खेळ, डबा, गोष्ट, आणि शेवटी दारात उभी असलेली आई. मूल दर थोड्या वेळाने मला ओढत तिथे नेतं आणि कुठपर्यंत आलो ते विचारतं, मग आम्ही दोघं बोट ठेवून बघतो. आईचा धुतलेला रुमाल किंवा ओढणी पिशवीत ठेवायला सांगितली तरी खूप फरक पडतो.

दोन वर्षांमागे एक मुलगा होता, वर्गात पाऊलच टाकायचा नाही, चपलांच्या मांडणीजवळ बसून राहायचा. तेव्हा मला आमच्या बालवाडीच्या कोर्समध्ये शिकवलेलं पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावचं आठवलं. १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तर ताराबाईंनी मुलांना ओढून आणायच्या ऐवजी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. देशभरच्या अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या सरकारी योजनेतून आल्या, पण मूळ विचार हा एवढा साधा, मूल येत नसेल तर आपण जायचं. मग मी काय केलं, ठोकळ्यांची टोपली घेऊन त्या चपलांजवळ जाऊन बसले. चार दिवस आमचा खेळ तिथेच चालला, बाकीची मुलंही यायला लागली, पाचव्या दिवशी टोपली उचलून मी आत आले आणि तो मागोमाग आला. आवडलंच्या पानावर मी त्या दिवशी एवढंच लिहिलंय, 'आला'.

मधल्या वेळा

वर्गात गोंधळ होतो तो खेळताना होत नाही, एक गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली नाही त्या मधल्या वेळेत होतो. वीस मुलांना हात धुवायला एका रांगेत उभं केलं की मागची पंधरा काय करणार, ढकलाढकलीच करणार. चार-चार जणांना पाठवा आणि बाकीच्यांना बडबडगीतात गुंतवून ठेवा. खेळ थांबवायच्या आधी दोनदा सांगा, 'अजून थोडा वेळ, मग आवरायचं' आणि मग 'आता शेवटचं'. अचानक 'चला आवरा' म्हटलं तर रागच येणार, आपल्याही हातातलं काम कुणी काढून घेतलं तर येतो.

ओरडू नका. आवाज चढवला की मुलंही आवाज चढवतात आणि ऑगस्टपर्यंत आपला घसा बसतो. माझ्याकडे एक घुंगरू आहे, ते वाजलं की सगळ्यांनी हात डोक्यावर ठेवायचे, हे पहिल्या आठवड्यात खेळ म्हणून शिकवते. काही सांगायचं असेल तर उकिडवं बसून, मुलाच्या डोळ्यासमोर डोळे आणून हळू बोला. यात पाठ आणि गुडघे दुखतात हे खरं, म्हणून एक बुटका पाट किंवा चौरंग स्वतःसाठी मागून घ्या आणि मूल उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका.

चावणं, ओढणं, 'माझंय'

पहिल्यांदा एखादं मूल दुसऱ्याला कडकडून चावलं की नवीन ताई घाबरते, आता पालक काय म्हणतील. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला राग सांगायला शब्द नसतात म्हणून ते दात वापरतं, त्यात दुष्टपणा काही नसतो. आधी ज्याला चावलंय त्याच्याकडे जा, जागा साबण-पाण्याने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. मग चावणाऱ्याला जवळ घेऊन थोडक्यात, 'चावायचं नाही, दुखतं. गाडी हवी होती ना, तर "मला दे" म्हणायचं.' बळंच 'सॉरी म्हण' लावू नका, त्यातून मूल फक्त सॉरी हा शब्द शिकतं. त्याला ओली पट्टी धरायला द्या, त्यातून जास्त कळतं. दोन्ही घरी त्याच दिवशी आपणच सांगायचं, मात्र कोण चावलं ते नाव सांगायचं नाही, कितीही विचारलं तरी.

खेळण्यांवरून भांडणं कमी करायची तर एकसारखी चार खेळणी ठेवा, वेगवेगळी चाळीस ठेवण्यापेक्षा बरं. आणि वाटून घ्यायचा आग्रह धरण्यापेक्षा पाळी शिकवा, सगळ्यांनी मिळून वीस आकडे म्हणायचे की पाळी बदलली. आकडेही पाठ होतात.

डबा

हा मला स्वतःला दिवसातला सगळ्यात आवडता भाग, पण दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक डब्यात द्राक्षं असतात, तासगावच्या बाजूला तर घरचीच बाग असते. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बरोबर बुचासारखं अडकू शकतं, म्हणून उभं चार फोडी करूनच द्यायचं, पालकांना जानेवारीतच सांगून ठेवायचं. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे नकोतच, कूट चालेल. पळत पळत खाणं अजिबात नाही. आणि वर्गात मोजायला चिंचोके-मणी ठेवले असतील तर मोजून काढा आणि मोजून परत ठेवा, कारण ते नाकात जातात. गेलाच तर पिन, चिमटा काही घालायचं नाही, लगेच डॉक्टर. खेळण्यातला किंवा रिमोटचा बटण सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबायचं नाही, थेट दवाखाना, पालकांना वाटेत फोन.

जेवण्याची जबरदस्ती मात्र करू नका. 'डबा संपवला तरच खेळायला' हे मी सुरुवातीची तीन वर्षं करत होते आणि ते माझं चुकलंच. एक मुलगी रोज पोळी-भाजीवर रडायची, मी भरवायचे, ती ओकायची. नंतर तिला फक्त 'एक घास चाखून बघ आणि नको असेल तर झाकण लाव' म्हणायला लागले, महिन्याभरात ती दुसऱ्याच्या डब्यातली शेपूची भाजी मागून खायला लागली.

शू, शी, शेंबूड

याच्याबद्दल कोर्समध्ये फारसं कुणी सांगत नाही आणि मुली सोडून जातात त्यात याचा मोठा वाटा असतो. किळस येते, येणारच, सवयीने कमी होते. प्रत्येक मुलाचे दोन जोड कपडे नाव घालून शाळेत ठेवा, डिस्पोजेबल हातमोजे आणि एक वेगळी बादली मागा, मावशी असतील तरी स्वतः करायला शिका. कपड्यात झालं तर चारचौघात काही बोलायचं नाही, कानात 'चल, बदलून येऊ' एवढंच. डब्याआधी आणि खेळाला बाहेर जायच्या आधी सगळ्यांना घेऊन जायचं, विचारायचं नाही कारण विचारलं की सगळे 'नाही' म्हणतात. पहिल्या वर्षी सर्दी, डोळे येणं, उवा सगळं आपल्याला होतं. हात साबणाने धुवा, नखं कापा, केस बांधून या.

पालक आणि 'लिहायला कधी घेणार'

मला या कामात खरंच काय आवडत नाही विचाराल तर हे. ऑगस्ट उजाडला की सुरू होतं, शेजारच्या इंग्लिश मीडियमचा मुलगा एबीसीडी लिहितो, आमचा नुसता मातीत खेळतो. वाद घालू नका, हात दाखवा. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्माला येताना त्यातलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी मऊ कूर्चा असते. ती वर्षावर्षाने एकेक करून घट्ट होतात, शेवटचं साधारण ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान. तीन वर्षांच्या हाताला चार रेघी वही भरायला लावणं म्हणजे काय, ते हे सांगितलं की बऱ्याच आयांना पटतं. मग सांगायचं की आम्ही कणीक मळायला देतो, मटार सोलायला देतो, पोळ्याला मातीचे बैल करतो, ही सगळी लिहायचीच तयारी आहे. घरीही द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर हळद आणि लागेल तसं पाणी, हा गोळा डब्यात झाकून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. खारट असतो, तोंडात घालू द्यायचा नाही.

गॅदरिंगबद्दल फार लिहीत नाही. नाच तीन मिनिटांचा ठेवा, मुलांना येतात त्याच गाण्यांवर ठेवा, एखादं स्टेजवर नुसतं उभं राहिलं तर राहू दे.

आवडणारं पान

हे पान भरायला रोज वेळ काढाच, कारण नकोसं झालेलं आपोआप लक्षात राहतं आणि हे विसरतं. माझ्या वहीतलं थोडं सांगते. 'ताई, तुझ्या केसात पाऊस पडलाय' (माझे पांढरे केस). 'ताई तू शाळेतच झोपतेस का?' एका मुलीने गोगलगायीला वाट करून देण्यासाठी सगळ्यांच्या चपला बाजूला सरकवल्या. वर्षभर एक अक्षर न बोललेला मुलगा फेब्रुवारीत भोंडल्याचं गाणं पूर्ण म्हणाला, जे आम्ही ऑक्टोबरमध्ये म्हटलं होतं. पगार फार नाही, हे सगळ्यांना माहितीये, आणि तो वाढायलाच हवा, पण हे पान दुसऱ्या कुठल्या नोकरीत मला मिळालं नसतं.

पहिल्या दिवशी जाताना खिसेवाला सुती कुर्ता घाला, खिसे दोन्ही बाजूंना आणि खोल. एकात रुमाल, एकात घुंगरू. ओढणी पिन लावून घ्या नाहीतर दिवसभर कुणीतरी धरून चालत राहील, आणि कानात लोंबतं काही नको. वही मात्र वरच्या कप्प्यात ठेवा, खाली ठेवलीत तर त्यावर चित्रं निघतात. माझ्या चारही वह्यांवर आहेत.