रिव्हॉल्व्हर मॅचसाठी हँडलोड निवडायचेत? मग ही तयारी आधी करा

मॅचच्या सहा-आठ आठवडे आधी हँडलोड, म्हणजे घरी स्वतः भरायच्या काडतुसाचा लोड, ठरवायचा आणि शेवटच्या दोन आठवड्यांत त्याला हात लावायचा नाही, मी तरी असंच करतो आणि नव्याने खेळायला लागलेल्या आपल्या मराठी मंडळींनाही हेच सांगतो. इथे अमेरिकेत आता बरेच जण रेंजवर दिसतात, त्यातले काही रिव्हॉल्व्हरकडे वळतात आणि पहिला प्रश्न हमखास हाच असतो की कुठला लोड सगळ्यात अचूक. माझ्या मते प्रश्नच उलटा विचारला जातोय. रिव्हॉल्व्हरच्या मॅचमध्ये लोड आधी दर वेळी फुटला पाहिजे, मग सिलिंडरमध्ये (गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यात) आपल्या वजनाने सुळकन उतरला पाहिजे, मग पॉवर फॅक्टर, म्हणजे गोळीच्या जोराचा मॅचने ठरवलेला किमान आकडा, आणि अचूकता त्यानंतर, कारण ठीकठाक जमवलेला कुठलाही लोड २५ यार्डांवर ए झोनमध्ये, म्हणजे लक्ष्याच्या सगळ्यात जास्त गुणांच्या भागात, बसतोच.

त्याच्याही आधी कायद्याचं बघा. एच-वन-बी सारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून, तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय यात पडू नका. आणि भारतातून वाचत असाल तर लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं हा आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे पुढचं सगळं फक्त माहिती म्हणून वाचा.

आता कुठली मॅच ते नक्की करा, कारण पॉवर फॅक्टरचा आकडा तिथून ठरतो. यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या रिव्हॉल्व्हर डिव्हिजनला मायनर म्हणजे १२५ आणि मेजर म्हणजे १६५, आठ गोळ्यांची गन घेतली की स्कोअरिंग मायनरच. आयकोर ही फक्त रिव्हॉल्व्हरवाल्यांची संघटना, तिथे किमान १२०. आयडीपीए या आणखी एका संघटनेच्या स्टॉक रिव्हॉल्व्हर गटाला १०५ पुरतो. हिशोब सोपा आहे, बुलेटचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले १०००. १६० ग्रेनची बुलेट ८२० ने गेली तर १३१.२. त्याच बुलेटला १२५ गाठायला ७८२ च्या आसपास वेग लागतो, म्हणजे वरच्या लोडमध्ये चाळीसएक फुटांची मोकळीक आहे, आणि ती मोकळीक मुद्दाम ठेवायची. १२६ वर लोड बांधून रिकॉइल, म्हणजे गनचा मागचा झटका, वाचवायचा मोह होतो पण थंडीतली सकाळ, दुसऱ्याचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र), एवढ्यानेही आकडा खाली येतो आणि १२५ च्या खाली गेलात की सगळी मॅच नो स्कोअर. मी १३० च्या खाली उतरत नाही.

प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर, मात्र थांबा, इथेच बहुतेक मॅच हरल्या जातात. फॅक्टरीतून आलेल्या स्मिथ अँड वेसनची डबल अ‍ॅक्शन ओढ (एकाच ओढीत हॅमर मागे जाऊन सुटतो ती) साधारण १०-१२ पाउंडांची असते, मॅचवाले स्प्रिंग बदलून ती ६-७ वर आणतात, आणि ओढ हलकी झाली की हॅमरचा फटकाही हलका होतो. मग कठीण कपाचा प्रायमर फुटत नाही. म्हणून हलक्या ट्रिगरवाले जवळपास सगळे फेडरलच वापरतात, स्मॉल पिस्टलला १०० नंबर आणि लार्जला १५०, कारण त्यांचा कप मऊ आहे. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त मिळाला म्हणून मॅचच्या आधी बदल करू नका, आणि फेडरल मिळतच नसेल तर लोड नाही, ट्रिगर बदला, स्प्रिंग थोडी जड करा. प्रायमर बसवणं हे तर वेगळंच काम आहे. तो केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, पाठीपेक्षा किंचित आत बसायला हवा, एका इंचाचे तीन ते पाच हजारांश भाग. प्रत्येक केसच्या बुडावरून बोट फिरवा, खोलगट लागलं तर ठीक, सपाट लागलं तर शंका घ्या, उंचवटा लागला तर बाजूला काढा. उंच प्रायमरने दोन घोटाळे होतात, एक तर तो फ्रेमला घासून सिलिंडर जड फिरतो किंवा अडकतो, आणि दुसरं म्हणजे हॅमरचा पहिला फटका प्रायमर आत ढकलण्यातच वाया जातो. राऊंड, म्हणजे भरलेलं काडतूस, पहिल्यांदा फुटला नाही आणि त्याच चेंबरवर (सिलिंडरमधल्या त्याच भोकावर) पुन्हा ट्रिगर ओढल्यावर फुटला तर नव्वद टक्के कारण हेच समजा, लगेच प्रायमरच्या कंपनीला दोष देऊ नका.

मग ब्रास, म्हणजे पितळी केस. सहा किंवा आठ गोळ्या एकदम भरायच्या तर मून क्लिप, म्हणजे सगळ्या गोळ्या एकत्र धरणारी पत्र्याची चकती, आली, आणि क्लिप आली की ब्रास एकाच कंपनीचा, एकाच हेडस्टॅम्पचा (बुडावरच्या छापाचा) पाहिजे, कारण रिमच्या वरची खाच प्रत्येकाची थोडी वेगळी असते. एका ब्रासवर घट्ट बसणारी क्लिप दुसऱ्यावर डुगडुगते, आणि डुगडुगणारी क्लिप घाईत सिलिंडरच्या तोंडाशीच अडते. स्मिथच्या ६२७ मॉडेलसारख्या आठ गोळ्यांच्या .३५७ गनमध्ये बरेच जण .३८ शॉर्ट कोल्टचा ब्रास वापरतात, तो .३८ स्पेशलपेक्षा खूप आखूड, त्यामुळे आत पटकन जातो आणि रिकामा झाल्यावर बाहेरही पूर्ण पडतो. स्मिथचीच .४५ एसीपीची ६२५ तर याबाबतीत नामांकितच, नेमबाज जेरी मिक्युलेकने १९९९ मध्ये सहा गोळ्या, रीलोड आणि परत सहा गोळ्या हे २.९९ सेकंदांत केलं ते याच मॉडेलवर, आखूड जाडी काडतुसं आणि मून क्लिप. आणि बुलेट राउंड नोजच घ्या. गोल नाकाची बुलेट चेंबरचं तोंड आपणच शोधते, सपाट नाकाची वाटेत कडेवर आपटते. वॉडकटर, म्हणजे पूर्ण सपाट तोंडाची बुलेट, कागदावर सुंदर गोल भोकं पाडतो पण रीलोडला तो नको. लेड किंवा कोटेड बुलेट घेणार असाल तर चेंबरच्या पुढच्या तोंडाचा व्यास मोजून घ्या, .३८ ला सहसा .३५८ इंचाची बुलेट जमते, पण तोंड त्यापेक्षा अरुंद असेल तर राऊंड शेवटच्या जराशा अंतरात अडेल आणि तुम्ही उगाच क्रिम्पला, म्हणजे केसचं तोंड दाबून बुलेटला दिलेल्या पकडीला, दोष देत बसाल.

क्रिम्प कमी पडला तर रिकॉइलच्या झटक्याने न उडालेल्या राऊंडमधली बुलेट पुढे सरकते आणि सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर लॉक. हलक्या टायटॅनियम सिलिंडरच्या स्मिथच्या ९२९ मध्ये नाइन एमएम वापरणाऱ्यांनी हे खास तपासावं. तपासायचं असं, सगळे चेंबर भरा, एका राऊंडची लांबी कॅलिपरने मोजून त्यावर मार्करने खूण करा, बाकीचे सगळे उडवा आणि खुणेचा परत मोजा. लांबी वाढली असेल तर क्रिम्प वाढवा, पण नाइन एमएम आणि .४५ ला टेपर क्रिम्प (तोंड सरळच थोडं आत दाबलेलं) आणि .३८ ला हलका रोल (कड आत वळवलेली), हे विसरून दाबत सुटू नका.

पावडर किती घालायची ते मी लिहिणार नाही, ते छापील मॅन्युअलमध्ये बघायचं आणि खालच्या आकड्यापासून सुरू करायचं, मित्राने फोनवर सांगितलेला लोड वापरायचा नाही. एवढं सांगतो की .३८ स्पेशलची केस लांब आणि मॅचचा चार्ज छोटा, त्यामुळे चुकून दोनदा पडला तरी केस भरून ओसंडत नाही आणि नजरेला कळत नाही. .३८ स्पेशलची दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय आहे, डबल चार्जने सिलिंडर फुटतो, सरळ गोष्ट आहे. म्हणून प्रेसवर, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्रावर, उजेड चांगला असू द्या, बुलेट ठेवायच्या आधी प्रत्येक केसमध्ये डोकावून बघा, आणि लोड करताना टीव्ही, फोन, गप्पा बंद. लांब केसमध्ये पावडर पुढे सरकलीय की मागे यावरही वेग बदलतो, तेव्हा क्रोनोग्राफवर एकदा नळी खाली करून मग उचलून आणि एकदा वर करून मग खाली आणून, अशा दोन्ही पद्धतीने मोजा. फरक मोठा आला तर पावडर बदला किंवा आखूड ब्रासवर या. आणि मोजायचं ते मॅचच्याच गनवर, कारण सिलिंडर आणि बॅरलमधली फट प्रत्येक गनची वेगळी असते, आणि तिथून गॅस निसटला की वेग घटतो, मित्राच्या गनवर १३२ देणारा लोड तुमच्या गनवर कमी देऊ शकतो.

लोड पक्का झाला की मॅचला लागणारे सगळे राऊंड एकाच बैठकीत, एकाच लॉटच्या प्रायमर-पावडरवर बनवा. स्मिथचा पुढचा एक स्क्रू काढला की योकसकट (सिलिंडर ज्यावर बसतो त्या दांड्यासकट) सिलिंडर हातात येतो, तो टेबलावर उभा धरून प्रत्येक राऊंड टाकून बघा. आपल्या वजनाने पूर्ण आत गेला तर मॅचचा, बोटाने ढकलावा लागला तर सरावाचा. नंतर क्लिपा भरा, एकेक भरलेली क्लिप गनमध्ये घालून, रेंजवरच आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सिलिंडर हाताने हळू फिरवून बघा. कुठे घासत असेल तर क्लिप वाकलीय, ती सरळ करायच्या भानगडीत न पडता फेकून द्या.

विमानाने जाणार असाल तर गोळ्या चेक-इन सामानातच, त्यासाठीच बनवलेल्या डब्यात, आणि बहुतेक एअरलाइनची मर्यादा ११ पाउंड म्हणजे ५ किलो. १६० ग्रेनच्या शॉर्ट कोल्टचे तेवढ्यात साधारण साडेतीनशे राऊंड बसतात, त्यात मॅचवाले वेग तपासायला, क्रोनोसाठी, काढून घेतात ते, रीशूट (पुन्हा खेळावी लागलेली फेरी), आणि जमिनीवर पडून मातीत लोळलेल्या क्लिपा हे सगळं धरायचं. भरलेल्या क्लिपा बॅगेत सुट्या टाकायच्या नाहीत.

मॅचच्या दिवशी एकच सूचना. आवाज फुस्स आला, झटका कमी लागला, तर बोट ट्रिगरवरून लगेच काढा. बुलेट बॅरलमध्ये अडकलेली असू शकते, आणि डबल अ‍ॅक्शनच्या लयीत पुढची गोळी सुटायला क्षणही लागत नाही. स्टेज, म्हणजे मॅचची ती फेरी, गेली तर जाऊ दे. संपल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने चांगले धुवा, मगच डबा उघडा, प्रायमरच्या धुरातलं शिसं बोटांवर बसलेलं असतं, आणि घरी लहान मुलं असतील तर रेंजचे कपडेही वेगळे धुवा.