एका कोंबडीवरून सांगाडा कसा शिकावा

रविवारी नागपुरात ज्या घरी कोंबडी शिजते, त्या घरातल्या कचऱ्याच्या डब्यात सोमवारी सकाळी एक अख्खा सांगाडा पडलेला असतो. त्याच घरात अकरावीतलं पोर पुस्तकातलं चित्र समोर धरून ‘ह्यूमरस, रेडियस, अल्ना’ घोकत बसलेलं असतं. या दोन गोष्टींची गाठ घालून द्यावी, म्हणून हा लेख.

मी बरीच वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवतो आहे. आधी नाव पाठ केलं की ते परीक्षेपर्यंत टिकतं. आधी हाड हातात घेतलं की नाव आपोआप चिकटतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. खर्च फारसा नाही. सुट्टीचे आठ-दहा दिवस मात्र लागतात.

कोंबडी निवडताना

दुकानात ‘अख्खी द्या, तुकडे करू नका, मुंडी आणि पंजेही द्या’ असं आधीच सांगा. सत्तूर एकदा चालला की मांडीच्या हाडाच्या चिरफळ्या होतात आणि त्या जुळवत बसण्यात काही शिकणं होत नाही.

शक्यतो गावरान घ्या, त्यातही अंडी देऊन झालेली वयस्क कोंबडी. बॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिच्या लांब हाडांची टोकं अजून कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी लवचिक असतात आणि शिजवताना गळून पडतात. माणसाच्या बाळाचंही असंच असतं. जन्मताना त्याच्या अंगात तीनशेच्या आसपास हाडं असतात, वाढताना त्यातली कित्येक एकमेकांना जुळतात आणि मोठ्या माणसात २०६ उरतात. जमलं तर बॉयलरची एक तंगडीही बाजूला ठेवा. दोन्ही शेजारी ठेवल्या की हाड वाढतं कसं, हे न सांगता कळतं.

एक सूचना आवर्जून. गोरेवाड्याकडे किंवा कुठल्याही जंगलात फिरताना मोराची, हरणाची हाडं दिसली तर उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही. आपल्या कामाला कोंबडी आणि खाटकाकडचं बोकडाचं हाड पुरेसं आहे.

हाडं स्वच्छ करताना

इथेच बहुतेकांचं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी सुरीने जमेल तेवढं मांस काढून घ्या. मग जुन्या मलमलच्या कापडाच्या सहा पोटल्या करा: डावा पंख, उजवा पंख, डावा पाय, उजवा पाय, मान आणि धड. मुंडी सातवी, वेगळी. प्रत्येक पोटलीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा आणि कुठला रंग कशाचा ते लिहून ठेवा. सगळं एकत्र उकळलं तर पायाच्या बोटांची पेरं आणि मानेचे मणके असे मिसळतात की वेगळे करता करता संध्याकाळ होते.

पोटल्या उघड्या पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन तास ठेवा. पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे, खळखळून उकळायला नको. प्रेशर कुकर अजिबात नको. त्यात हाड भुसभुशीत होतं आणि पातळ हाडं हातात येताच तुटतात. हळद-मीठ टाकू नका, हळदीचा डाग हाडात मुरतो आणि निघत नाही. या कामाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

मांस सुटलं की जुन्या टूथब्रशने घासा आणि भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात हाडं तीन-चार दिवस बुडवून ठेवा. रोज पाणी बदला. यात चरबी निघते. ती राहिली तर हाड महिन्याभरात पिवळं पडून वास मारतं. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस ठेवा. हातमोजे घाला, भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या, झाकण घट्ट लावू नका. कपड्यांचं ब्लीच वापरू नका, ते हाडच खातं.

वाळवायचं सावलीत. माझा पहिला संच मी मे महिन्यात गच्चीवर कुरड्यांच्या शेजारी उन्हात ठेवला होता. दोन दिवसांत मांडीच्या हाडांना उभ्या भेगा गेल्या. नागपूरचं ऊन कुरड्यांना मानवतं, ओल्या हाडांना नाही. मांजरांपासून जपायला वरून चाळणी उपडी घाला.

आधी आकार, मग नाव

वाळलेली हाडं वर्तमानपत्रावर पसरा. पोटल्यांची ओळख पुसू नये म्हणून प्रत्येक गटाखाली त्याच्या रंगाचा दोरा ठेवा. आता नावं विसरून फक्त आकार बघा. हाडांचे प्रकार आकारावरून ठरतात, मोठ्या-लहानावरून नाही, आणि हीच चूक मुलं सर्रास करतात.

मधे दांडा आणि दोन्ही टोकांना फुगीर डोकी असलेलं ते लांब हाड. मांडीचं हाड तर लांब आहेच, पण बोटाचं दोन सेंटीमीटरचं पेरंही लांब हाडच. दांडा आतून पोकळ असतो. मटणाची नळी चोखताना जो गर तोंडात येतो, तो त्याच पोकळीतला मगज. कोंबडीच्या दंडाच्या हाडाला खांद्याजवळ एक भोक दिसेल. तिथून हवेची पिशवी हाडाच्या आत शिरलेली असते. पक्ष्याचं हाड हलकं राहण्यामागे हीसुद्धा सोय आहे.

चपटी हाडं म्हणजे खवाट्याचं (खांद्यामागच्या पात्याचं), छातीचं, कवटीच्या वरच्या भागाचं, आणि बरगड्याही. बरगडी लांबुडकी असली तरी चपट्यातच मोजतात. मणके कुठल्याच साच्यात बसत नाहीत, म्हणून त्यांना अनियमित म्हणतात.

आखूड हाडं, म्हणजे लांबी-रुंदी सारखीच असलेली ठोकळ्यासारखी, कोंबडीत तुम्हाला फारशी सापडणार नाहीत. ती इतर हाडांना जुळून गेलेली असतात. ती स्वतःच्या मनगटात चाचपा: दोन ओळींत आठ आहेत. उरलेला प्रकार स्नायूच्या दोरीत, म्हणजे कंडरेत तयार होणाऱ्या हाडांचा. गुडघ्याची वाटी ही त्यातली सगळ्यात मोठी. तिळासारखी म्हणून त्यांना तिलास्थी म्हणतात, पण वाटीचा तीळ बराच मोठा आहे.

नाव जागेवरून द्या

सगळ्या लेखात मला एकच गोष्ट पटवायची असेल तर ती ही: हाडाला नाव त्याच्या जागेवरून मिळतं. आकार बदलतो, काम बदलतं, पण शेजारी कोण आहे ते सहसा बदलत नाही.

हा विचार नेमक्या शब्दांत मांडला तो लंडनच्या शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी, १८४३ मध्ये. वेगवेगळ्या प्राण्यांतला तोच अवयव, मग त्याचं रूप आणि काम काहीही असो, एकाच नावाने ओळखावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि याच ओवेन यांचा नागपूरशी संबंध आहे. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप या भागात जीवाश्म गोळा करत हिंडत असत. नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावाजवळच्या खडकात मिळालेली एक कवटी लंडनला पोचली आणि १८५५ मध्ये ओवेन यांनी तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिलं: आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. प्राणी बेडकांच्या दूरच्या गोतावळ्यातला, उभयचर. जिवंत तर कुणी पाहिलेला नव्हता; हाडांच्या जागांवरूनच तो ओळखला गेला. आपण वर्तमानपत्रावर करतो आहोत ते याच पद्धतीने.

आता पंख उचला. खांद्यापासून सुरुवात: आधी एकच हाड, ते ह्यूमरस. मग दोन हाडं शेजारी, रेडियस आणि अल्ना. मग मनगटाची, तळहाताची, बोटांची. एक, दोन, मग पुष्कळ. बेडकाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख, तुमचा हात, सगळीकडे हाच क्रम. तळहात वर-खाली फिरवून पाहा: अंगठ्याकडचं रेडियस अल्नाभोवती फिरतं. अल्नाचं टोक म्हणजे तुमचं कोपर. कोंबडीत मात्र अल्ना जाड आणि किंचित वाकडं, रेडियस बारीक आणि सरळ. जाडीवरून नाव द्याल तर इथे हमखास चुकाल. आणि बेडकात, बोकडात ही दोन्ही हाडं एकमेकांना चिकटलेली असतात.

पायातही तेच. मांडीत एक फीमर, त्याखाली टिबिया आणि फिब्युला. आपली नडगी म्हणजे टिबिया. तंगडी खाताना दाताखाली जी सुई येते, ती फिब्युला! पक्ष्यात ती खालपर्यंत पोचतच नाही. आणि खवल्यांचा पिवळा भाग, ज्याला आपण कोंबडीचा ‘पाय’ म्हणतो, ते खरं तर लांबट झालेलं पाऊल आहे. म्हणून ‘कोंबडीचा गुडघा मागे वाकतो’ असं म्हणतात ते चूक. वाकतो तो घोटा. गुडघा वर, पिसांत लपलेला असतो. महाराजबागेत हरणाच्या पिंजऱ्यासमोर उभे राहून त्याच्या मागच्या पायात टाच कुठे आहे ते शोधा. अर्ध्या पायापर्यंत वर सापडेल.

पंजाची बोटं मोजताना एक सुरेख गोष्ट दिसते: मागच्या बोटात २ पेरं, मग आतून बाहेर ३, ४ आणि ५. पोटलीतली पेरं सुटी झाली असतील तर या हिशेबाने परत जुळवता येतात.

छातीत उभी फळी असलेलं मोठं हाड म्हणजे उरोस्थी. उडण्याचे स्नायू त्या फळीला धरलेले असतात. शहामृगाला ती नाही. कोंबडीच्या उरोस्थीच्या पुढचं इंग्रजी व्ही आकाराचं नाजूक हाड म्हणजे आपल्या गळ्याजवळची दोन हाडं एकत्र जुळलेली.

मणके आणि कवटी

मणके दोऱ्यात ओवा, उलटसुलट झाले तर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि लगेच कळतं. कोंबडीच्या मानेत साधारण १४ मणके असतात. तुमच्या मानेत ७, बोकडाच्या मानेत ७ आणि जिराफाच्या मानेतही ७. सस्तन प्राण्यांत हा आकडा जवळजवळ कधी मोडत नाही. खाटकाकडून बोकडाची गर्दन अख्खी आणली तर पहिला मणका नुसत्या कड्यासारखा आणि दुसऱ्याला दातासारखा खुंट दिसेल. ‘नाही’ म्हणून मान हलवतो तेव्हा ते कडं या खुंटाभोवती फिरतं. माणसात मानेखाली बरगड्यांचे १२, कंबरेचे ५, मग जुळून एक झालेलं त्रिक, आणि शेवटी माकडहाड.

कवटीत जागेवरून नाव देण्याचा नियम जरा सांभाळून वापरावा लागतो. आपल्या प्रत्येक कानात तीन इवलीशी हाडं आहेत: हातोडा, ऐरण, रिकीब. कोंबडीच्या कानात एकच, रिकिबीच्या जागचं. बाकीची दोन तिच्या जबड्याच्या सांध्यात आहेत. सस्तन प्राणी घडत गेले तसा जबड्याचा सांधा नव्याने बनला आणि जुन्या सांध्याची ती दोन हाडं आक्रसत कानात गेली. कोंबडीच्या मुंडीत खालचा जबडा जिथे अडकतो, तिथलं छोटं चौकोनी हाड चिमट्याने सोडवून तळहातावर घ्या. ते तुमच्या कानातल्या ऐरणीचं नातलग आहे. मी हे हाड दरवर्षी मुलांच्या हातात देतो, आणि वर्ग दरवर्षी शांत होतो.

माशाचं थोडक्यात: रोहूचा प्रत्येक काटा म्हणजे बरगडी नव्हे. घशात अडकणारे वाय आकाराचे काटे मांसातच तयार झालेले, कण्याला न जोडलेले असतात.

मांडणी आणि उजळणी

हाडांवर पेन्सिलीनेच आकडे घाला, शाई पसरते. जाड पुठ्ठ्यावर आधी कणा, कवटी, बरगड्या आणि छाती लावा. हा मधला सांगाडा, माणसात ८० हाडांचा. मग हात-पाय आणि त्यांना धडाशी जोडणारी खांद्याची व कंबरेची हाडं, ती १२६. फेव्हिकॉल थोडाच लावा, म्हणजे चुकलं तर काढता येईल.

पंख आणि पाय एकाच बाजूचे लावा, दुसऱ्या बाजूचे चिकटवू नका. तो पंख आणि तो पाय कापडी पिशवीत ठेवा. रोज एकदा डोळे मिटून पिशवीतून एक हाड काढा आणि नुसतं चाचपून तीन प्रश्नांची उत्तरं द्या: कुठल्या प्रकारचं, त्याच्या वर-खाली कोण, आणि माझ्या अंगात ते कुठे? तिसऱ्या उत्तराला बोट तिथे टेकवायचं. मग डोळे उघडा.