पन्हाळ्याच्या कातळातून भूपट्टाचा प्रवास मोजायचा, तर नमुना कसा घ्यावा

भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची, सीमा हिमालयात. कोल्हापूरपासून दीड हजार किलोमीटरवर. पण आपला पट्ट किती सरकला याची नोंद इथल्या काळ्या दगडातच, म्हणजे बेसाल्टमध्ये, आहे. लाव्हा निवताना 580 अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या चुंबकी क्षेत्राची दिशा धरून बसतात. ती दिशा प्रयोगशाळेत वाचता येते. डोंगरावर नमुन्यावरचा उत्तरेचा बाण चुकीचा काढला तर मात्र तिथे कुणी तो सुधारून देत नाही.

आधी जागा. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, गडावर छिन्नी लावायची नाही. तसंही माथ्यावर जांभा आहे, तो या कामाचा नाही. परवानगी काढून आसपासची चालू खाण किंवा रस्त्यासाठी फोडलेली ताजी कड शोधा. लाव्हाच्या थराचा वरचा जाळीदार भाग आणि दोन थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा सोडून मधला घट्ट कातळ घ्या. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे जागचे हललेले असू शकतात, त्यांना हात लावू नका. उघड्या सड्यावरचा दगडही नको: वीज पडली की जुनी नोंद पुसली जाते. होकायंत्र दगडाला लागून हळूहळू सरकवा. वीतभर अंतरात सुई भिरभिरली तर जागा बदला.

ड्रिल असेल तर 25 मिलिमीटर व्यासाची, 7 ते 10 सेंटिमीटर लांबीची कांडी काढतात. नसेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसवर उत्तम भागतं. दगड फोडण्याआधी त्यावर प्लास्टरचा गोळा थापा, वर सपाट अॅक्रिलिकची पट्टी दाबा आणि लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणा. घट्ट झाल्यावर पट्टी काढा, सपाटीवर उत्तरेचा बाण आणि नमुन्याचा क्रमांक लिहा, फोटो घ्या, मगच छिन्नी. साधारण 10 × 10 × 8 सेंटिमीटरचा तुकडा सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. एका थरातून सहा ते आठ तुकडे लागतात, म्हणजे पाठीवर किती ओझं येणार ते आधीच बघा.

बाण काढताना हातोडा, मोबाइल आणि गाडी तीन मीटर लांब ठेवा. मोबाइलमधलं होकायंत्र वापरूच नका. बेसाल्ट स्वतःच सुई ओढतो, म्हणून सावलीने पडताळा घ्या: पितळी काडी उभी करा, सावलीची रेघ प्लास्टरवर ओढा, वेळ मिनिटापर्यंत लिहा. सूर्याची दिशा नंतर गणिताने काढता येते. इथे एक हमखास चूक होते. कोल्हापूरची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे 33 मिनिटं मागे असते, आणि ती वजा न केल्यास कोनच बिघडतो. भर दुपार टाळा. मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो, सावलीच उरत नाही. पावसाळ्यात तर सूर्यच दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून अलीकडची चुंबकी छाप काढून टाकतात. मग मूळ दिशेचा क्षितिजाशी असलेला कल मिळतो. समजा तो 45 अंश आला. कलाची स्पर्शज्या (tan) ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते, म्हणून लाव्हा निवला तेव्हाचा अक्षांश 26.6 अंश; पट्ट तेव्हा विषुववृत्ताच्या खाली होता, म्हणून दक्षिण. कोल्हापूर आज 16.7 उत्तरेला, फरक 43.3 अंश, एका अंशाला 111 किलोमीटर धरून सुमारे 4,800 किलोमीटर. लाव्हाच्या वयाने, म्हणजे 6.6 कोटी वर्षांनी, भागल्यावर वर्षाला साधारण 7.3 सेंटिमीटर.

हा आकडा फक्त दक्षिणोत्तर सरकण्याचा, तोही सरासरी. आशियाला धडकण्याआधी पट्ट याहून वेगात होता, नंतर मंदावला. आणि एकाच थरावरून हे गणित मांडू नका. लाव्हाचा थर थोडक्या काळात निवतो, त्यात त्या क्षणीचं भटकलेलं क्षेत्रच उमटतं. निदान आठ-दहा वेगवेगळ्या थरांची सरासरी घ्या. पुन्हा खाणीत जायला लागलं तरी चालेल.