सेन्सर एकेक बाइट वाचू नका

कुपवाड एमआयडीसीत मोटरची थरथर मोजायला बसवलेली छोटी लिनक्स बोर्डं आता बरीच दिसतात. त्यांच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सरशी बोलणाऱ्या कोडमध्ये, एक प्रकार हमखास सापडतो: एक्स, वाय, झेड या तीन दिशांच्या मापांचे (प्रत्येकी दोन) सहा बाइट सहा वेगवेगळ्या ट्रान्सफरमध्ये वाचलेले.

हिशेब करून बघा. आय-स्क्वेअर-सी या सेन्सर आणि बोर्ड जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर एका बाइटला ९ क्लॉक (घड्याळाचे ठोके) लागतात. एक रजिस्टर (चिपमधली एका बाइटची जागा) वाचायचं तर आधी चिपचा पत्ता, मग रजिस्टर क्रमांक, पुन्हा चिपचा पत्ता आणि शेवटी डेटा, म्हणजे ३६ क्लॉक. सहा वेळा केलं की २१६. ४०० किलोहर्ट्झला ५४० मायक्रोसेकंद गेले. तेच सहा बाइट सलग ओढले तर ८१ क्लॉक, साधारण २०३ मायक्रोसेकंद. शिवाय दर ट्रान्सफरमागे कर्नलचं लॉक, इंटरप्ट आणि थ्रेड जागा करणं वाचतं, ते वेगळंच.

रेगमॅप (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली सोय) वापरत असाल तर बल्क रीड, म्हणजे सलग वाचन, घ्या. एलआयएस३डीएचसारख्या थरथर मोजणाऱ्या चिपमध्ये मात्र रजिस्टर क्रमांकाचा सर्वांत वरचा बिट १ केल्याशिवाय तो क्रमांक आपोआप पुढे सरकत नाही. तो बिट विसरलात तर एकच बाइट पुन्हा पुन्हा मिळतो, आणि लोक उगाच वायरिंग तपासत बसतात!

याच चिपमध्ये ३२ नमुन्यांची फिफो, म्हणजे मापं रांगेत साठवणारी जागा, आहे. ती ठरावीक पातळीपर्यंत भरली की येणाऱ्या वॉटरमार्क इंटरप्टवर ती एकदम रिकामी करणं माझ्या मते सगळ्यांत फायद्याचं. फक्त लिनक्समध्ये एसएमबसच्या (आय-स्क्वेअर-सीवरच बेतलेला प्रोटोकॉल) ब्लॉक रीडला ३२ बाइटची मर्यादा असते, म्हणून इथे थेट आय-स्क्वेअर-सी ट्रान्सफरच वापरा.

एसपीआयवर (सेन्सर जोडायची दुसरी बस) तोच तो मेसेज सतत पाठवत असाल, तर लिनक्स ६.९ पासून तो आधीच ऑप्टिमाइझ करून ठेवता येतो.