वाळू फेकण्याआधी

शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून भाग ओतणाऱ्या कारखान्यात, मी मोल्डिंग (वाळूचे साचे बनवायचं काम) बघतो. वाळू पुन्हा वापरायची तर आधी ढीग वेगळे ठेवा: बेंटोनाइट या चिकट मातीने बांधलेली साच्याची ओलसर वाळू, म्हणजे ग्रीन सँड, इकडे; रेझिनने (चिकट रसायनाने) बांधलेल्या कोअरची, म्हणजे भागातली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याची वाळू तिकडे. एका पावसाळ्यात आमच्याकडे दोन्ही मिसळल्या; कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) गॅसची भोकं पडली, माल भंगारात गेला. अजून जिवाला लागतं.

ग्रीन सँडच्या गुठळ्या फोडा, चुंबकाने लोखंडाचे छर्रे काढा, चाळा. आणि थंड होऊ द्या! गरम वाळू पॅटर्नला, म्हणजे साचा ज्यावर घडवतात त्या नमुन्याला, चिकटते. मग ओलावा मोजून बेंटोनाइट घाला. रेझिनची वाळू मात्र भट्टीत साधारण ६०० ते ८०० अंशांवर भाजावी लागते. चाळताना धूळ ओढणारा पंखा चालूच हवा, सिलिका फुप्फुसात बसते. उरलेली वाळू पेव्हर ब्लॉकवाल्याला द्यायच्या आधी प्रयोगशाळेत तपासा.