रहिवासी गल्लीत हॉटेल किंवा मंगल कार्यालय येत असेल तर हरकत कशी घ्यावी

जुना बंगला पाडून तिथे हॉटेल होणार अशी कुणकुण लागली की गल्लीत सभा भरते, सह्या गोळा होतात आणि निवेदन नगरसेवकाच्या हाती जातं. निवेदनात बहुतेक वेळा एवढंच असतं की रहिवाशांना त्रास होईल. अशा निवेदनाचं पुढे काही होत नाही, कारण बांधकाम परवानगी विकास आराखडा (शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा मंजूर नकाशा) आणि विकास नियंत्रण नियमावली (बांधकाम आणि वापराचे नियम) पाहून दिली जाते. हरकतही त्याच आधारावर उभी राहायला हवी.

आधी झोन, म्हणजे आराखड्यात जागेला ठरवून दिलेला वापर विभाग, तपासा. मिळकत पत्रिका किंवा सातबाऱ्यावरून जागेचा सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक काढा. नगररचना विभागातून त्या क्रमांकाचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मिळवा. जागा रहिवास विभागात आहे की वाणिज्य, तिच्यावर सार्वजनिक कामासाठी आरक्षण आहे का आणि समोरच्या रस्त्याची मंजूर रुंदी किती, हे त्यातून कळतं.

मग नियमावली वाचा. मुंबईची नियमावली वेगळी आहे. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. रहिवास विभागात फक्त घरंच चालतात हा समज चुकीचा आहे. दवाखाना, किराणा दुकान, राहत्या घरातलं वकिलाचं ऑफिस अशा गोष्टींना तिथे मर्यादेत मुभा असते आणि रस्ता जितका रुंद तितके अनुज्ञेय वापर वाढतात. त्यामुळे रस्त्याची रुंदी हा मुद्दा निर्णायक ठरतो आणि गल्लीतल्या सभेत तो क्वचितच निघतो.

वापर नियमात बसत असेल तर विरोध सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गल्लीला दुकानंही लागतात. अशा वेळी मालकाशी बसून बोला: पार्किंग मंजूर नकाशाप्रमाणे मोकळं ठेवा, स्वयंपाकघराची चिमणी शेजारच्या खिडकीकडे वळवू नका, मालाच्या गाड्या कधी येणार ते ठरवा. ठरलेलं लिहून दोघांनी सह्या करा. आवाजाबाबत 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल.

वापर बसत नसेल तर परवानगीची फाइल मागवा. माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. 'परवानगी का दिली' असा प्रश्न विचारू नका, कागदांची नावं लिहा: मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा पत्र (इमारत वापरात आणण्याची परवानगी), वापर बदलाची परवानगी, अग्निशमन विभागाचं ना-हरकत पत्र. फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही त्याच अर्जात करा. नकाशात 'पार्किंग' लिहिलेल्या जागी टेबलं मांडलेली असतील तर तुमची निम्मी हरकत तिथेच तयार झाली. मालक गुमास्ता परवाना दाखवेल. तो दुकान व आस्थापना कायद्याचा कागद आहे. जागेच्या वापराला त्याने मंजुरी मिळत नाही.

हरकत योग्य कलमाखाली घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 इथे कामाला येतो. जागेचा झोनच बदलायचा घाट असेल तर कलम 37 खाली राजपत्रात सूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. सूचनेतली मुदत पाळा. प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत वेगळी हरकत द्यावी. सुनावणीला बोलावलं तर हजर राहावं.

परवानगीशिवाय किंवा परवानगी सोडून काम चालू असेल तर सूचनेची वाट पाहू नका. आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या. याच अधिनियमात चालू काम थांबवण्यासाठी कलम 54, झालेलं अनधिकृत काम हटवण्यासाठी कलम 53 आणि गुन्हा नोंदवण्यासाठी कलम 52. सोबत भाग नकाशा, मंजूर नकाशा आणि तारखेसह फोटो जोडा आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच जपून ठेवा. मालकाच्या जातीधर्माचा किंवा जुन्या भांडणाचा एकही शब्द तक्रारीत येऊ देऊ नका. असा शब्द आला की समोरच्याला द्वेषाचा आरोप करायला जागा मिळते आणि नकाशा मागे पडतो.

तरीही काही हललं नाही तर. कलम 47 मधलं अपील परवानगी मागणाऱ्यासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. शेजाऱ्याचा मार्ग म्हणजे उच्च न्यायालयात रिट याचिका. 'तुमचा काय संबंध' असं तिथे कुणी म्हटलं तर कर्नाटकातल्या उडुपीचं प्रकरण पुढे ठेवता येतं. रहिवासी भागातल्या मंगल कार्यालयाच्या जागी सिनेमागृह करायला तिथल्या नगरपालिकेने मंजुरी दिली होती. योजनेच्या विरुद्ध दिलेली ती मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली बेकायदा ठरवली आणि त्या भागातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हे मान्य केलं.

न्यायालयात जायचं तर इमारत उभी राहण्याआधी जा. उशीर का केला, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा येतो. वकिलाकडे जाताना झोन दाखला, माहिती अधिकारातली उत्तरं आणि शिक्का मारलेल्या पोचपावत्या तारखेच्या क्रमाने लावून न्या.