लिस्बनच्या गल्लीतल्या मासळीच्या खाणावळीत या चुका टाळा

पोर्तुगालला जाऊन आलेल्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "जेवण झकास होतं हो, पण बिल बघून डोळे पांढरे झाले." टेबलावर कागद अंथरलेला, दाराशी कोळशाची शेगडी, अशा साध्या जागी फसवणूक क्वचितच होते. तिथली रीत आपल्याला ठाऊक नसते, एवढंच.

बसल्याबसल्या न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज समोर येतं. याला 'कुव्हेर' म्हणतात आणि ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता तसं सांगा, लगेच उचलून नेतात. न मागवलेल्या आणि न खाल्लेल्या जिनसाचे पैसे लावता येत नाहीत, असा तिथला कायदाच आहे.

खरा फटका बसतो तो माशात. मी रोबालू (सी बास नावाचा समुद्री मासा) मागवला आणि मेनूकार्डावरचा आकडा एका माशाचा समजलो. तो किलोचा भाव होता आणि मासा निघाला सव्वा किलोचा! तेव्हापासून मी आधी बर्फावर मांडलेल्या माशांपाशी जातो, बोट दाखवतो, डोळ्यांदेखत वजन करायला लावतो, आकडा ऐकतो आणि मगच मासा शेगडीवर जाऊ देतो. कोळणीकडे सुरमई घेताना आपण डोळे, कल्ले बघतोच ना? इथेही बघा, कुणाला राग येत नाही. एक 'दोझ', म्हणजे एका पदार्थाची पूर्ण प्लेट, बऱ्याचदा दोघांना पुरते, म्हणून 'मेया दोझ', म्हणजे अर्धी, मिळते का ते विचारा.

सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची बहीण, जून ते सप्टेंबरातच खावी. तेव्हा ती चरबीने भरलेली असते. 12 जूनच्या रात्री सांतु आंतोनियुच्या, म्हणजे संत अँथनीच्या, सणाला जुन्या लिस्बनच्या गल्ल्या तिच्या धुराने भरून जातात. जानेवारीत मिळते ती बहुधा गोठवलेली. काट्या-सुरीची झटापट नको. सार्डिन पावाच्या जाड कापावर ठेवा, बोटांनी साल सोडवा, एक बाजू खा, मधला काटा शेपटीसकट उचला, मग दुसरी बाजू. तोवर तेल पावात मुरलेलं असतं. तो पाव सगळ्यात शेवटी खायचा. ताटातले पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले, त्यामुळे निम्मी ऑर्डर मराठीतच झाली म्हणा ना.

शाकाहारी सोबत असेल तर 'काल्दू व्हेर्द' हे हिरव्या पानांचं सूप बेधडक मागवू नका. त्यात शोरिसूची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती असते. गोव्याचा चोरीस त्याचाच वंशज.

दुपारी तीननंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात, ती संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उघडतात. बिल मागितल्याशिवाय येत नाही, "आ कोंता" म्हणा. छोट्या जागी परदेशी कार्ड चालेलच असं नाही, म्हणून रोख युरो जवळ ठेवा.